मानसिक आजारी माणसाला सांभाळताना आमच्या झालेल्या या चुका टाळा

माझ्या दादाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात, तर कधी खोल उदासीत जातं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांत त्याला सांभाळायला बारा वर्षं झाली. त्यातली निम्मी चुकतच गेली.

सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे "आता बरा दिसतोय, कशाला गोळ्या?" गोळ्या बंद केल्या आणि दीड महिन्यात दादा पहाटे तीनला भांडी घासत बसू लागला. तो बरा दिसत होता तो गोळ्यांमुळेच. पुढे आईने भाजीत गोळी कुस्करून घातली. ते त्याला कळलं, आणि कित्येक दिवस तो घरचं जेवला नाही. गोळी नको असेल तर का नको ते त्याला विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

लिथियम (या आजारात मन स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर सोलापूरचा एप्रिल-मे जपून काढा. घामाने अंगातलं पाणी-मीठ घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. एका दुपारी दादाचा हात एवढा थरथरला की बशीतला चहा सांडला. आम्ही ऊन लागलं म्हणून कांदा फोडून नाकाशी धरला. संध्याकाळी उलट्या, चालताना झोक. रक्त तपासलं तर पातळी चढलेली! अशी लक्षणं दिसली की पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. लिथियमवर असताना मीठ एकदम तोडू नका. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, त्यांनीही पातळी वाढते.

संशयावर वाद घालू नका. "शेजारी माझ्यावर नजर ठेवतात" म्हटलं की आई खिडकी उघडून दाखवायची, "बघ, आहे का कुणी?" तो आणखी बिथरायचा. आता मी त्याच्या शेजारी बसते. "भीती वाटतेय ना दादा? मी आहे इथं." होला हो नाही, भांडणही नाही. थोड्या वेळाने तो पाणी मागतो.

मरणाचं बोलला तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प करू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि सगळं एकट्या आईवर टाकू नका. आमच्याकडे ती झोपायचीच नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. आता रविवारी दादाजवळ मी थांबते आणि आई सिद्धेश्वर तलावाकाठी बसून येते.