टाइल बेमालूम जुळत नाही? या चुका टाळा

आंब्याचा धंदा करणाऱ्या एका मित्राच्या वेबसाइटसाठी जांभ्याच्या भिंतीचं बॅकग्राउंड करायला घेतलं होतं. भिंतीचा फोटो होता, जिंप (फोटो एडिट करायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडलेलं होतं, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोन कापून ठेवला होता. हीच टाइल: ब्राउझर ती शेजारी-शेजारी आणि खाली-वर लावत पूर्ण पान भरतो. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसलो आणि रात्रीचा दीड वाजला. ब्राउझरमध्ये भिंतीऐवजी खिडकीचे गज दिसत होते.

टाइलच्या कडा जुळवायची पद्धत तशी सगळ्यांना ठाऊक असते. जिंपमध्ये ‘लेयर’, ‘ट्रान्सफॉर्म’, ‘ऑफसेट’. फोटोशॉपमध्ये ‘फिल्टर’, ‘अदर’, ‘ऑफसेट’. चित्र अर्धं आडवं, अर्धं उभं सरकवायचं. बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने आत येतो, चारही कडा मधोमध भेटतात आणि तिथे अधिकच्या चिन्हासारखा सांधा दिसतो. तो हीलिंग किंवा क्लोन टूलने (शेजारचा पोत उचलून लावणाऱ्या ब्रशने) बुजवायचा. नव्या बाहेरच्या कडा मूळ फोटोत शेजारी-शेजारीच होत्या, त्यामुळे त्या आपोआप जुळतात. बाहेर गेलेला भाग परत आत यावा म्हणून ‘रॅप अराउंड’ निवडायचं तेवढं विसरू नका. आणि चित्रात अनेक लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे पापुद्रे) असतील तर आधी ते एकत्र करा, नाहीतर एकच लेयर सरकतो आणि बाकीचे जागेवर बसून राहतात.

अधिकची चार टोकं

बहुतेकांचं घोडं इथे पेंड खातं. अधिकचं चिन्ह मध्यात असलं तरी त्याचे चार हात कडांपर्यंत पोचलेले असतात. तुम्ही ब्रश थेट वरच्या कडेपर्यंत नेता. वरचे पिक्सेल बदलतात, पण त्यांना जुळणारे खालच्या कडेचे बदलत नाहीत. एक सांधा बुजवताना दुसरा तयार झाला!

म्हणून कडेपासून पंधरा-वीस पिक्सेल अलीकडेच थांबा. मग पुन्हा ऑफसेट करा, पण या वेळी अर्धं नको. ५१२ च्या टाइलमध्ये पुन्हा २५६-२५६ सरकवलं, तर वरच्या कडेच्या मध्यावरचं टोक डाव्या कडेच्या मध्यावर जाऊन बसतं, म्हणजे परत कडेलाच. त्याऐवजी आडवं १०० आणि उभं ६० असं काहीही द्या. चारही टोकं आत येतात, तेवढी रफू करा आणि मोकळे व्हा.

सांधा नाही, तरी पट्टे दिसतात

हा दोष उन्हाचा. माझा फोटो संध्याकाळचा होता. उजवी बाजू उजळ, डावी काळपट. अशा टाइलमध्ये कितीही रफू केलं तरी पानावर उजेड-अंधाराचे पट्टे दिसणारच. उपाय बुजवण्याआधीच करायचा. लेयरची प्रत काढा, तिला चांगला मोठा गॉशियन ब्लर द्या, म्हणजे ती धूसर करा (मी ६० पिक्सेलच्या आसपास देतो) आणि जिंपमध्ये तिचा मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची रीत, ‘ग्रेन एक्स्ट्रॅक्ट’ करा. पसरलेला उजेड निघून जातो आणि नुसता पोत उरतो. सोबत रंगही जातो, घाबरू नका. वर भिंतीच्या सरासरी तांबूस रंगाचा एक लेयर ‘ग्रेन मर्ज’मध्ये टाकला की रंग परत येतो. त्याहून सोपं म्हणजे फोटो आभाळ भरून आलेलं असताना काढायचा.

थर मोजा

जांभ्याच्या भिंतीत एका थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या चिऱ्याच्या साधारण मधोमध येतो. मी तीन थर कापले होते. टाइल खाली पुन्हा लागली तेव्हा तिसऱ्या थराखाली त्याच रचनेचा पहिला थर आला आणि सांध्याखाली सांधा. कुठल्याही गवंड्याने कान उपटला असता. इथे कुठलंच टूल उपयोगी पडत नाही. थर सम संख्येत हवेत, दोन किंवा चार, आणि आडवे चिरे पूर्ण संख्येत. फोटो तिरका असेल तर कापण्याआधी सरळ करून घ्या.

जिंपमधल्या ‘फिल्टर्स’, ‘मॅप’, ‘टाइल सीमलेस’चा मोहही भिंतीसाठी नको. तो चित्रावर त्याचीच सरकवलेली प्रत मिसळतो. वाळू किंवा गवत असेल तर खपून जातं, चिऱ्यांना मात्र भुतासारख्या सावल्या येतात.

तो पांढरा डाग

माझ्या एका चिऱ्यावर शेवाळ वाळून पांढरा ठिपका पडला होता. फोटोत तो छानच दिसत होता. पण १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर ५१२ ची टाइल जवळजवळ चारदा लागते, आणि एका ओळीत चार ठिपके दिसले की नजर दुसरं काही बघतच नाही. टाइल लावून झूम २५ टक्क्यांवर आणा आणि डोळे किलकिले करून बघा. जे खुपेल ते काढा. सगळंच काढू नका, भिंत प्लास्टिकची वाटायला लागते.

शेवटच्या क्षणीचं शार्पन

टाइल जुळली, आता जरा शार्पन (रेखीव) करू, असं वाटतं आणि कडा पुन्हा उघड्या पडतात. कारण पलीकडच्या कडेला काय आहे हे फिल्टरला सहसा कळत नाही. ‘फिल्टर्स’, ‘मॅप’, ‘टाइल’ने तीन बाय तीनचं १५३६ पिक्सेलचं चित्र करा, त्याच्यावर फिल्टर चालवा आणि मधला ५१२ चा चौकोन कापून घ्या. लहान करायचं असेल तरी हीच युक्ती: १५३६ चं ७६८ करून मधले २५६ घ्यायचे.

सेव्ह शक्यतो पीएनजीमध्ये करा. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडतं. ५०० पिक्सेलच्या टाइलमध्ये शेवटचा ठोकळा अर्धाच भरतो आणि कडेला रंग किंचित ढळू शकतो. फाइल जड होते म्हणून जेपेगच हवं असेल तर माप १६ च्या पटीत ठेवा आणि क्वालिटी फार खाली आणू नका.

एवढं करूनही ब्राउझरमध्ये केसाएवढी रेघ दिसली तर आधी ब्राउझरचा झूम बघा. ११० टक्क्यांवर ५१२ चे ५६३.२ होतात, आणि त्या अपूर्णांकामुळे कधीकधी फट दिसते. १०० टक्क्यांवर रेघ गेली तर टाइलला हात लावू नका.