जुना पीसी: तारीख १९८० वर जाते, हार्ड डिस्क दिसत नाही (माझा अनुभव)

नौपाड्यातल्या घरच्या माळ्यावरून १९९९ सालचा आमचा पहिला पीसी उतरवला. चालू केला की 'सीमॉस चेकसम एरर' (म्हणजे सेटिंग्ज साठवणाऱ्या छोट्या मेमरीत गडबड), तारीख १ जानेवारी १९८०, हार्ड डिस्क गायब. रॅम खोडरबरने घासली, हार्ड डिस्कची आयडीई केबल बदलली. दोन रविवार फुकट गेले.

दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा; पीसी बंद असताना तारीख आणि सेटिंग्ज त्याच्यावरच टिकतात. मल्टिमीटरवर जेमतेम १.८ व्होल्ट! आधी प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून धरलं, मग क्लिप सरकवून सेल काढला. नवा ३ व्होल्टचा सीआर२०३२ अधिकची बाजू वर ठेवून बसवला. चालू करताच डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर) तारीख घातली, हार्ड डिस्क ऑटो डिटेक्ट केली, एफ१० दाबून सेव्ह.

विंडोज ९८ चा सूर ऐकून आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली.