व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) शिरण्याआधी

कोड उतरवायला गिट, कंपाइल करायला जीसीसी, बांधणी चालवायला मेक हे लागतंच, पुढं चला. एनकर्सेसचं (टर्मिनलवर चित्र काढणारी लायब्ररी) मात्र नावात 'डेव्ह' असलेलं पॅकेज टाका, हेडर फायली त्यातच असतात. नंतर कधी नवी लायब्ररी टाकली तर 'मेक रीकॉन्फिग' मारा, नुसत्या 'मेक'नं कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते बघणारी पायरी) पुन्हा तपासत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवत असाल तर डेप्थ 1 देऊन क्लोन करा. जुना इतिहास मिळणार नाही, तो कॉलेजच्या वायफायवर 'अनशॅलो' करून आणा.

आता सगळ्यात नडणारी गोष्ट: व्हिमरनटाइम. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये सेट केलेलं मूल्य) आहे, सगळी अक्षरं कॅपिटल; रनटाइम फोल्डर कुठं आहे ते व्हिमला सांगतं. उतरवलेल्या सोर्समधले दोन फोल्डर बघा: एसआरसीमध्ये सी कोड, रनटाइममध्ये सिंटॅक्स, इंडेंट, मदतीच्या फायली. बनवलेला व्हिम शेजारचा रनटाइम फोल्डर आपणहून वाचत नाही! प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) दिला नसेल तर तो यूएसआर-लोकलमध्ये शोधतो, कारण तोच पत्ता बनताना ऑटो/पाथडेफ.सीमध्ये लिहिला जातो. तिथं काही नसलं तर ई1187 ही एरर येते, ते बरं. जुनं इन्स्टॉल पडलेलं असलं तर चूक दिसतच नाही: तुम्ही इथं सिंटॅक्स फाईल बदलत बसता, व्हिम तिथली जुनी वाचत बसतो. अख्खा दिवस जातो. म्हणून व्हिमरनटाइम सेट करा, पूर्ण पाथ देऊन; ../रनटाइम दिलं तर फोल्डर बदलला की तुटतं. उघडल्यावर व्हिममध्ये ':स्क्रिप्टनेम्स' मारून पाथ डोळ्यांनी बघा. आणि दुसऱ्या व्हिमच्या आतल्या टर्मिनलमधून चालवू नका, त्याचा व्हिमरनटाइम आत झिरपतो.

सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या सूचना) -जी -ओ0 द्या, नाहीतर जीडीबी हा डीबगर निम्मे व्हेरिएबल 'ऑप्टिमाइझ्ड आउट' म्हणून सोडून देतो. प्रीफिक्स होम फोल्डरमधला द्या. आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही. मेक मध्येच तुटलं तर पुन्हा चालवा, राहिलेलंच बनवतं. पण लिंक करताना एखादी .ओ फाईल ओळखता येत नाही म्हणाला, तर ऑब्जेक्ट्स फोल्डरमधली ती अर्धवट फाईल काढून टाका.

वाचायला बसण्याआधी एसआरसीमधली रीडमी. कुठल्या फायलीत काय, त्याचा सातबाराच आहे तो. सीटॅग्ज (फंक्शन कुठं आहे त्याची सूची बनवणारं साधन) टाकून 'मेक टॅग्ज' करा. ऑटो आणि प्रोटो फोल्डरमध्ये हात घालू नका, त्या फायली आपोआप बनतात, केलेला बदल पुसला जातो. सुरुवात मेन.सीमधल्या मेन_लूपपासून, तिथून नॉर्मल_सीएमडी. एक कळ धरून चालत जा. 'एक्स' घ्या: एनव्ही_सीएमडीएस.एचमधल्या तक्त्यात तिच्यापुढं एनव्ही_अ‍ॅब्रेव्ह आहे. ते एनव्ही_ऑपट्रान्सकडं जातं, आणि तिथं कळतं की एक्स म्हणजे निव्वळ 'डीएल' (डी म्हणजे पुसा, एल म्हणजे उजवीकडचं एक अक्षर). अक्षर पुसणारा खरा कोड ऑप्स.सीमध्ये, ऑप_डिलीट. कोलनच्या कमांडसाठी एक्स_सीएमडीएस.एच बघा. बफरच्या (उघडलेल्या मजकुराच्या) ओळी मेमलाइन.सीत, पण ते पहिल्याच दिवशी नको, डोकं फिरतं.

टेस्ट: सगळ्या चालवू नका, वेळ खातात. 'मेक टेस्ट_अंडू' अशी एकेक. पॅच (आपला बदल) पाठवायचा तर टेस्ट जोडा.

टर्मिनल बंद करून नवं उघडलं? व्हिमरनटाइम पुन्हा सेट करा.