रस्ता अपघातात घरचं माणूस गेल्यावर: भरपाईचा दावा करताना या चुका टाळा

दाजींच्या दहाव्याला घाटावर जमलेल्यांत दोघे असे होते, ज्यांना आमच्याकडचं कुणीच ओळखत नव्हतं. कावळा शिवायची वाट बघत उभे होतो. त्यातल्या एकाने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "क्लेम टाकायचाय ना? ताईंच्या चार सह्या लागतील, बाकी आम्ही बघतो." हातातले कागद कोरे होते. ते मी परत दिले, हे बरं झालं. पण पुढे आम्ही काहीच केलं नाही, हे चुकलं. ताई म्हणायची, "गेलेल्या माणसाचे पैसे करायचे का?" तिच्यापुढे पुन्हा विषय काढायची कुणाची हिंमत होत नव्हती. पाच महिने असेच गेले.

मी वकील नाही. अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात तारखांमागून तारखा बसून जे कळलं, ते आता ओळखीतल्या घरांसोबत जाऊन सांगतो. आणि दर वेळी त्याच चुका दिसतात, त्याही बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या. ताईच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे: हे पैसे माणसाचे नाहीत. तो असता तर घरात जे आलं असतं, त्याचे आहेत. मुलांच्या फीचे, आईच्या औषधांचे.

"पोलीस केस चालू आहे की"

हा सगळ्यांत मोठा गैरसमज. एफआयआर, चार्जशीट, आरोपी ड्रायव्हरला जामीन, हे सगळं फौजदारी. त्यातून शिक्षा होईल किंवा होणार नाही. घराला त्यातून भरपाई मिळेल असं धरून चालू नका. भरपाईसाठी मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १६६खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करावा लागतो. त्यात ड्रायव्हर, गाडीमालक आणि विमा कंपनी अशा तिघांना सामनेवाले करतात. ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून दावा बुडत नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे कोणती बाजू जास्त संभवनीय आहे ते पाहतात.

मुदतीचं मात्र गांभीर्याने घ्या. २०१९च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीलाच आव्हान दिलेलं असून, मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो अंतिम निकाल नव्हे. त्याच्या भरवशावर थांबू नका. २०२२च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि तो अहवालही अर्ज म्हणून धरता येतो. तपासी अंमलदाराला त्याबद्दल जरूर विचारा, पण आपला अर्ज आपण करा.

अपघात जिथे झाला तिथेच दावा लावावा लागतो, असंही लोक धरून चालतात. इंदूर रस्त्यावर अपघात झाला आणि तुम्ही पुण्यात राहता, तर पुण्यात दावा लावता येतो. दर तारखेला परराज्यात जायच्या धास्तीने दावाच न केलेलं एक घर मला माहीत आहे.

शवविच्छेदन नको म्हणणं

हे लिहिताना जड जातं. "जिवंतपणी हाल झाले, आता आणखी चिरफाड नको," असं म्हणून नातेवाईक हात जोडतात. विशेषतः माणूस आठ-पंधरा दिवस दवाखान्यात राहून गेला असेल किंवा घरी आणल्यावर गेला असेल तेव्हा. पण पुढे विमा कंपनीचा वकील पहिलाच प्रश्न करतो: मृत्यू अपघातातल्या जखमेनेच झाला कशावरून? बीपी होतं, साखर होती, त्याने झाला नाही कशावरून? पीएम रिपोर्ट नसेल तर हा धागा जोडताना जीव मेटाकुटीला येतो. माणूस दवाखान्यात वारला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ही अपघाताची केस आहे, आणि पोलिसांना कळवल्याची नोंद झाली का ते बघा. घरी वारला तर तुम्ही स्वतः पोलिसांना कळवा.

बाकीचे कागद म्हणजे एफआयआर, स्थळ पंचनामा आणि त्यातला नकाशा, इन्क्वेस्ट (म्हणजे मृतदेहाचा) पंचनामा, समोरच्या गाडीचं आरसी बुक, विमा पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन. या प्रती मिळवून नुसत्या फाइलला लावू नका, वाचा. आमच्या एफआयआरमध्ये "समोरासमोर धडक" एवढंच लिहिलं होतं. ट्रक आपली बाजू सोडून आला होता, हे दाजींच्या मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने पाहिलं होतं, पण त्याचा जबाबच नव्हता. त्या दोन शब्दांवर विमा कंपनीने अर्धी चूक दाजींची असल्याचा मुद्दा काढला. अर्धी चूक ठरली की भरपाईही निम्मी. टेम्पोवाल्याला शोधून साक्षीला आणायला आम्हाला वर्ष लागलं. पंचनामा झाला की दुसऱ्या दिवशी घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने जागेवर जावं, फोटो काढावेत, टपरीवाल्याशी बोलावं, जवळच्या पंपावरचं सीसीटीव्ही जपून ठेवण्यासाठी पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा. ते फुटेज फार दिवस राहत नाही.

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते, म्हणून आपलीच चूक ठरणार असं समजून गप्प बसू नका. अपघाताला किंवा जखमेला ती गोष्ट खरोखर कारण झाली का, हे दाखवावं लागतं. मोहम्मद सिद्दिकी यांच्या २०२०च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे.

कमाईचा पुरावा: इथे खरा दावा ठरतो

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हिशोब कसा होतो ते बघा. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी त्याची रीत पक्की केली आहे. समजा ३४ वर्षांचा गॅरेजवाला, महिन्याची कमाई १८,००० रुपये, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: २,२६,८००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. एकूण ३६,२८,८०० रुपये.

आता तोच माणूस, पण कमाईचा एकही कागद नाही. न्यायाधिकरण अंदाजाने रक्कम धरतं. ती १०,००० धरली, तर त्याच रीतीने येतात २०,१६,०००. एका वहीच्या अभावी सोळा लाखांचा फरक. वर व्याज वेगळं.

म्हणून तेराव्यानंतर कपाट आवरताना काहीही रद्दीत टाकू नका. पगारदार असेल तर सॅलरी स्लिप, फॉर्म १६, आणि मालकाला किंवा एचआरच्या माणसाला साक्षीला बोलावण्याची तयारी. नुसतं पगारपत्रक जोडलं आणि ते देणारा साक्षीला आलाच नाही, तर उलटतपासात ते टिकवणं अवघड जातं. धंदेवाईक असेल तर आयकर विवरणपत्रं, जीएसटी, दुकानाचं लायसन, बँक पासबुक, यूपीआयचे व्यवहार, उधारीची वही, माल देणाऱ्याची बिलं. शेतकरी असेल तर सातबारा, आठ-अ, साखर कारखान्याच्या किंवा दूध डेअरीच्या पावत्या. जमीन तर मागे आहेच, मग नुकसान काय, असं समोरचे म्हणतात. त्यावर शेत कसणारा हात गेला, आता मजूर लावावे लागतात, हे आकड्यांनिशी मांडावं लागतं. गेल्यानंतर घाईने भरलेलं आयकर विवरणपत्र मात्र फारसं कामाला येत नाही, उलट संशय वाढवतं.

वयाचंही तसंच. गुणक वयावर ठरतो, आणि एका वर्षाने तो बदलू शकतो: ३५ला १६, ३६ला १५. आधार कार्डावरची तारीख बऱ्याच जुन्या माणसांची अंदाजाने घातलेली असते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. गावच्या शाळेत जाऊन तो काढून आणा.

गृहिणी गेली तर? "ती कमवत नव्हती," असं नवरेच अर्जात लिहू देतात, याचं मला फार वाईट वाटतं. पहाटे पाचपासूनचं तिचं काम न्यायालयांनी पैशात मोजलेलं आहे. कीर्ती यांच्या २०२१च्या निकालात तिच्या श्रमाचं मोल स्पष्ट शब्दांत मान्य झालं. ती काय काय करायची ते शपथपत्रात सविस्तर लिहा: शिवण, गुरं, शेतात भांगलण, सासूची सेवा.

अर्जदारांत कुणाला गाळू नका. सुनेने सासूला वगळलं किंवा सासरच्यांनी सुनेला, की मध्येच हरकती येतात आणि दोन वर्षं वाया जातात. लग्न झालेल्या मुलामुलींनाही अर्ज करता येतो. आणि एलआयसीचे पैसे मिळाले हे लपवू नका. ते भरपाईतून वजा होत नाहीत. हेलन रिबेलो विरुद्ध आपलं एसटी महामंडळ, या १९९८च्या निकालात हे ठरलेलं आहे.

पाच लाखांची घाई

कलम १६४खाली, चूक कुणाची हे न बघता मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. विमा कंपनीचा माणूस ही रक्कम घेऊन लवकर येऊ शकतो आणि घरात तेव्हा खरोखर पैसा नसतो. पण या मार्गाने रक्कम स्वीकारली की कलम १६६चा दावा संपतो. वरचा छत्तीस लाखांचा हिशोब आठवा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. चूक आपल्याच माणसाची होती किंवा काहीच सिद्ध होण्यासारखं नाही, अशा वेळी हाच मार्ग चांगला असू शकतो. पण तो विचारून निवडा. सरकारने जाहीर केलेली मदत ही वेगळी गोष्ट. ती मिळाली म्हणून दाव्याचा हक्क जात नाही.

लोकअदालतीतल्या तडजोडीचंही सांगतो. तिथे लवकर पैसे मिळतात, ते चांगलंच आहे, पण त्या निवाड्यावर अपील नाही. आधी घरी बसून वरच्या रीतीने आकडा काढा, मग तडजोडीला बसा.

वकील टक्क्यावर ठरवणं

घाटावर आलेले ते दोघे टक्क्याचंच बोलत होते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून किंवा मिळालेल्या रकमेत वाटा अशी फी ठरवता येत नाही. फी किती, कधी द्यायची, हे लेखी घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, बँकेच्या स्लिपवर सही नाही म्हणजे नाही. वकीलपत्राची आणि अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि ई-कोर्ट्सच्या अॅपवर तारीख स्वतः बघायला शिका. आमचा अर्ज एकदा गैरहजेरीमुळे निकाली निघाला होता. आम्हाला तो चार महिन्यांनी कळला.

पैसे नाहीत म्हणून दावा राहिला, असं होऊ देऊ नका. १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. ताईला हे पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर तिची पाटली मोडली नसती.

गाडी सापडलीच नाही, किंवा अपघात वेगळाच होता

ठोकून गाडी पळाली आणि पोलिसांनी "ए समरी" केली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही म्हणून तपास बंद केला, तर बहुतेक घरं तिथेच थांबतात. अशा मृत्यूसाठी २०२२च्या योजनेत दोन लाख रुपये आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. आपलाच माणूस गाडी चालवत होता आणि चूकही त्याचीच होती, तर गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं आहे का ते बघा. बऱ्याच घरांना ते आहे हेच ठाऊक नसतं.

लोकलमधून पडून मृत्यू झाला तर वाट वेगळी: रेल्वे दावा न्यायाधिकरण, आठ लाख रुपये, मुदत एक वर्ष. अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, पण प्रवासी होता हे शपथपत्रावर सांगावं लागतं. पास, मोबाइलवरचं तिकीट, सोबतचा माणूस शोधा. रूळ ओलांडताना गेलेल्यांना मात्र हे लागू नाही. कामावर असताना गेला तर आधी १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे, मुदत दोन वर्षं. ठेकेदाराने घरी येऊन हातात रोख ठेवली आणि "मिळाले" म्हणून सही घेतली, तरी ती कायद्याने दिलेली भरपाई होत नाही; मृत्यूची रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडेच भरावी लागते.

निकालानंतर

रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागा. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण सहसा मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. ती आपल्या पैशांवरची अडवणूक वाटते, पण दिरांपासून सावकारापर्यंत सगळ्यांपासून ती ठेव वाचते. गरज पडली तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून काही रक्कम काढता येते. भाच्याच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षासाठी ताईने असा अर्ज केला. सोबत कॉलेजचं फी-पत्रक आणि त्याची दहावीची मार्कशीट जोडली होती. तेवढी फीची रक्कम सुटली, बाकीची ठेव तशीच आहे.