भिंग बसवल्यानंतरची नजर आणि डोळ्याची बाहुली: घरच्या घरी नोंद कशी ठेवावी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले तेव्हा आमची आई पंचवटीतील जुन्या वाड्याच्या अंगणात, उन्हात बसून, दिनदर्शिकेवरील तिथीची बारीक अक्षरे चष्म्याशिवाय वाचत असे. तीच दिनदर्शिका माजघरात नेली की मात्र "भिंग बिघडलं" म्हणून ती हवालदिल होई. भिंगात कोणताही दोष नव्हता. माजघरातल्या कमी उजेडात तिची बाहुली मोठी होत होती, एवढेच.

बसवलेल्या भिंगाचा व्यास साधारणतः ६ मिलिमीटर असतो आणि प्रचलित भिंगे तरुणपणीच्या नैसर्गिक भिंगाप्रमाणे आपला फुगवटा बदलत नाहीत. कडक उन्हात बाहुली २ ते ३ मिलिमीटरपर्यंत आकसते व फक्त मधले किरण आत जातात, त्यामुळे दूरच्या नजरेसाठी बसवलेल्या साध्या भिंगातूनही जवळचे थोडेफार स्पष्ट दिसते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिल्यास अक्षरे ठळक होतात, ते याच कारणाने. दूरचे व जवळचे दोन्ही दिसावे म्हणून बसवलेल्या बहुकेंद्री (मल्टिफोकल) भिंगाची गोष्ट जरा निराळी आहे: रात्री बाहुली फाकली की भिंगावरील वर्तुळाकार कडांवरून प्रकाश विखुरतो आणि द्वारका चौकात समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. बहुतेकांना ती काही महिन्यांत खुपेनाशी होतात. तोवर रात्री गाडी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद ठेवण्यासाठी एकच मजकूर, एकाच अंतरावरून, सकाळच्या उन्हात, खोलीतील दिव्याखाली आणि सायंकाळच्या अंधुक उजेडात वाचावा. एक डोळा तळहाताने झाकावा; डोळ्यावर दाब मुळीच देऊ नये. प्रत्येक वेळी काय वाचता आले याच्या शेजारी उजेड कसा होता हे अवश्य लिहावे, कारण "कधी दिसते, कधी दिसत नाही" एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही. बाहुली पाहायची असेल तर खिडकीपाशी बसवून दोन्ही डोळे समोरून पाहावेत. टॉर्च डोळ्यांत मारू नये.

तपासणीपूर्वी थेंब घातले असतील तर बाहुली काही तास, क्वचित दिवसभर मोठी राहते. त्या दिवशीची नोंद धरू नये आणि बाहेर पडताना गडद चष्मा लावावा. थेंबांचा परिणाम ओसरल्यावरही एक बाहुली मोठी किंवा वेडीवाकडी दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. डोळा लाल होऊन दुखू लागला, नजर अचानक उतरली, प्रकाशाचे लखलखाट दिसले किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काही महिन्यांनी सगळ्याच उजेडात धूसर दिसू लागले, तर भिंगामागील पातळ आवरण गढुळले असण्याची शक्यता असते व ते लेझरने मोकळे करता येते.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया बाकी असल्यास आणखी एक गोष्ट आधीच सांगावी: प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी घेतले असेल, तर शस्त्रक्रियेत बाहुली नीट न फाकण्याची शक्यता असते आणि सर्जनला त्यासाठी वेगळी तयारी ठेवावी लागते. हे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्याची चिठ्ठी सोबत न्यावी.