रात्री आठची रडारड दुपारी तीनला सुरू होते: लहान मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

मुंबईत आईबाबा दोघंही नोकरीला असतील तर मूल त्यांना धड भेटतं ते संध्याकाळी साडेसात ते दहा. आणि नेमकं त्याच वेळात घास गालात धरून बसणं, ‘निळाच पेला हवा’ म्हणून लोळण घेणं, साडेदहाला अंथरुणात उड्या मारणं. मग मोबाइल, धाक, चॉकलेटचं आमिष असे उपायही त्याच वेळात केले जातात. पण दीड ते चार वर्षांच्या मुलाची रात्र कशी जाणार हे बहुतेकदा दुपारच्या झोपेत आणि चारच्या खाण्यातच ठरून गेलेलं असतं. म्हणून आधी तिकडे बघा.

पाच वाजताची डुलकी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. यात दुपारची झोप धरलेली आहे. सकाळी ७ ला उठणारं दोन वर्षांचं मूल दुपारी १ ते अडीच झोपलं आणि रात्री ९ ला आडवं झालं, तर साडेअकरा तास झाले. हिशोब जमला.

बिघडतो तो असा: जेवण लांबतं, मूल साडेतीनला झोपतं, ‘झोपलंय तर झोपू दे, तेवढीच कामं होतील’ म्हणून साडेपाचपर्यंत कोणी उठवत नाही. या वयात एकदा उठल्यावर पुन्हा खरी झोप यायला पाच-सहा तास जावे लागतात. म्हणजे रात्रीचे साडेदहा-अकरा. पाळणाघरातून मूल घेताना ‘झोपला का?’ एवढंच विचारलं जातं. ‘किती वाजता उठला?’ हे विचारा. तीन-सव्वातीनच्या पुढची वेळ सांगितली, तर रात्रीच्या धिंगाण्याचं कारण तिथेच सापडलं.

रिक्षात किंवा शाळेच्या व्हॅनमध्ये पाच-साडेपाचला लागलेली पंधरा मिनिटांची डुलकीसुद्धा तेवढीच नडते, कारण दिवसभर साठलेली झोप ती तिथेच खर्च करून टाकते. त्या प्रवासात खिडकीकडे बसवा, पाणी द्या, बोलत राहा. तरीही डोळा लागलाच तर वीस मिनिटांत उठवा आणि रात्रीची झोप फार तर अर्धा तास पुढे ढकला. वेळ मागे आणायची असेल तर दुपारचं जेवण आणि झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या. एकदम तासाभराने ओढलंत तर मूल नुसतं पडून राहील.

याच्या उलट चूक म्हणजे ‘आज दुपारी झोपवूच नका, रात्री लवकर झोपेल’. अति दमलेलं मूल पेंगत नाही, उधळतं. सोफ्यावरून उड्या, कारण नसताना हसणं, मग भोकाड. याला आपण ‘अजून किती दम आहे बघा’ म्हणतो. दुपारची झोप सुटायची वेळ साधारण ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान येते. दुपारी झोप लागायलाच अर्धा तास लागतो आणि न झोपताही संध्याकाळ शांत जाते, असं दोन आठवडे सलग दिसलं तर सोडून द्या.

राज्य सरकारच्या निर्णयामुळे २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. पण रात्री साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला नऊची शाळाही पहाटेचीच.

वन-रूम-किचनमध्ये मुलाची वेगळी खोली कुठून आणणार? पण टीव्हीकडे पाठ होईल असं अंथरूण घालता येतं, ट्यूबलाइट बंद करून पिवळा छोटा दिवा लावता येतो, आणि हातपाय धुणं, दात, गोष्ट, दिवा बंद हा क्रम रोज तोच ठेवता येतो. वेळ दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालेल. क्रम मोडू नका.

दुधाने भरलेलं पोट

‘काहीच खात नाही हो’ ही तक्रार असेल तर आधी दूध मोजा. एक वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध भरपूर झालं. प्रत्यक्षात सकाळी पावडर घातलेला २०० मिलीचा कप, पाच वाजता आणखी एक, रात्री ‘जेवला नाही ना’ म्हणून २५० मिलीची बाटली आणि मध्यरात्री उठला की पुन्हा थोडं. बेरीज ८०० च्या घरात जाते. एवढ्या दुधानंतर वरणभाताला पोटात जागाच नसते.

शिवाय दुधात लोह फार कमी असतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. दुधावर जगणारं, गुबगुबीत दिसणारं मूलही त्यामुळे रक्तक्षयी निघतं. भिंतीचे पोपडे, माती, खडू खाणारं मूल ‘खोडकर’ ठरवण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आजोबांच्या बशीतला चहा तर या वयात नकोच, त्यातलं टॅनिनही लोह अडवतं. पोह्यांवर लिंबू मात्र जरूर पिळा, ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं.

आठवडाभर बाटलीवरच्या खुणा बघून आकडे लिहून ठेवा. मग रात्रीचं दूध दर तीन दिवसांनी ३० मिलीने कमी करा, आणि दीड वर्षापर्यंत बाटली सोडवून कपावर आणा. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. दूध द्यायचं ते दात घासण्याआधी.

चारच्या खाण्याला खरं खाणं द्या: अर्धं थालीपीठ आणि दही, नाचणीचं घावन, कुस्करलेलं रताळं आणि तूप. ते पोटात असलं की साडेसहाला बिस्किटाच्या पुड्याची आठवण येत नाही. रात्रीच्या जेवणाआधी दोन तास पाण्याशिवाय काही नको.

भूक कमी होणं बऱ्याचदा स्वाभाविकही असतं. जन्मताना ३ किलोचं बाळ वर्षात साधारण ९ किलोचं होतं, म्हणजे ६ किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावते, पण आपली वाटी तेवढीच राहते. ताटात सुरुवातीला दोन चमचे भात वाढा. संपला तर पुन्हा वाढता येतो. वजन सहा महिने जागचं हललं नाही किंवा उतरलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

गालात धरलेला घास

गाल फुगलेला, डोळे पडद्यावर, जबडा थांबलेला. मोबाइल दाखवून भरवलं की मुलाला चव कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. आपण घास सरकवत राहतो, ते साठवत राहतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनेनुसार दोन वर्षांखाली पडदा नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. तो तासही जेवणात घालवू नका.

सवय तोडायला रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करू नका, तेव्हा तुम्हीही दमलेले असता. नाश्त्यापासून करा. चार-पाच दिवस कमी खाईल, खाऊ दे. जेवण २० ते २५ मिनिटांत संपवायचं, मग न रागावता ताट उचलायचं. उचललेल्या ताटाच्या बदल्यात दूध दिलंत, तर थांबल्यावर बक्षीस मिळतं हे मूल दोन दिवसांत शिकतं.

रडत्या किंवा पळत्या मुलाच्या तोंडात घास घालू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न पाच वर्षांखाली नकोतच. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. आडवं कापलेलं द्राक्ष गोलच राहतं आणि श्वासनलिकेत बुचासारखं बसतं.

पडद्याआड उभं राहणं

मूल पडद्यामागे जाऊन टाचा उचलून, पाय आवळून, चेहरा लाल करून उभं राहतं. घरचे म्हणतात, ‘जोर लावतोय.’ बहुतेक वेळा ते जोर लावत नसतं, शी दाबून धरत असतं. एकदा कडक शी होऊन दुखलं की पुढची येऊ द्यायची नाही, एवढं त्याला कळतं. साठलेली आणखी कडक होते, भूक जाते, चिडचिड वाढते. कधी चड्डीला पातळ डाग लागतात आणि जुलाब समजून औषध दिलं जातं, तेव्हा कडक खड्याच्या बाजूने पातळ पाझरत असतं. अशा वेळी डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या आणि ते सांगतील तितके दिवस द्या, चार दिवसांत थांबवू नका. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, तेव्हा आतडी आपोआप हलतात.

दार उघडल्यावर

घरात शिरल्याशिरल्या ‘जेवला का? आजीला त्रास दिला का?’ नको. हात धुऊन दहा मिनिटं जमिनीवर बसा. डबा, कपडे, फोन त्यानंतर. ही दहा मिनिटं चुकली की मूल ती रडून वसूल करतं.

कंपाउंडमधून वर आणताना ‘चल आता’ एकदम म्हणू नका, आणि ‘पाच मिनिटं’ही म्हणू नका. तीन वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत. ‘अजून तीनदा घसरगुंडी’ कळते. तिन्हीसांजेच्या किरकिरीवर आजी दृष्ट काढतात. त्या निमित्ताने मूल दोन मिनिटं कुणाच्या तरी मांडीवर शांत बसतं, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त मिरच्यांचा धूर नको.

लोळण घेतलंच तर समजावू नका, त्या वेळी ऐकू जात नाही. डोकं आपटणार नाही एवढं बघा, कमी बोला, शेजारी बसा. आईचं ‘नाही’ आजीने दोन मिनिटांत ‘हो’ केलं, तर पुढची लोळण आणखी लांबते. कुठल्या दोन-तीन गोष्टींवर कुणीच माघार घ्यायची नाही, हे मूल झोपल्यावर मोठ्यांनी ठरवा.

काही मुलं रडता रडता श्वास रोखतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. घाबरून पाणी मारू नका, हलवू नका, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका. कुशीवर निजवा आणि घड्याळ बघा, बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास परत येतो. पहिल्यांदा झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एक मिनिटाहून जास्त लांबलं तर लगेच रुग्णालय गाठा. आणि दिवसाला किती दूध पितो तो आकडा सोबत न्या, कारण अशा मुलांमध्ये लोहाची कमतरता बऱ्याचदा सापडते.