‘रन’ म्हणजे नुसतं पळणं नव्हे

नागपूरच्या महाल भागात माझी शिकवणी आहे. मागच्या आठवड्यात दहावीतल्या एका पोरीनं वहीत लिहिलं, ‘माय फादर वॉक्स अ शॉप.’ तिच्या वडिलांचं इतवारीत किराणा दुकान आहे. ते दुकान चालवतात, म्हणून वॉक! चूक होती, पण मला ‘रन’ शिकवायची वाट तिथेच सापडली.

आपल्याकडे जे चालतं, ते इंग्रजीत बहुतेक वेळा पळतं. दुकान, पंखा, नाटकाचे प्रयोग, सगळ्यांना ‘रन’. म्हणून हा शब्द दिसला की आधी पाय शोधा. माणूस किंवा कुत्रा असेल आणि पुढे दुसरी वस्तू नसेल, तर साधं पळणं. नाहीतर ‘चालणं’ किंवा ‘चालवणं’ लावून बघा. तेही बसलं नाही, तर ‘वाहणं’. नळ, सर्दीतलं नाक, शहरातून जाणारी नागनदी, सगळं ‘रन’च. नवी लाल साडी भिजवली आणि पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी डाग पडले, तर ‘द कलर रॅन’. आपल्याकडे रंग जातो, इंग्रजीत तो वाहतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. पाठ करायच्या फंदात पडू नका. आपला ‘लागणे’ आठवा. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, गाडी फलाटाला लागली. हे कोणी पाठ केलं? शेजारच्या शब्दानंच कळलं ना?

‘रन’चंही तसंच, आणि शेपटाकडे तर जास्तच लक्ष द्या. ‘रन आउट’ म्हटलं की पोट्ट्यांना जामठ्याचं क्रिकेटचं मैदान आठवतं, पण पुढे ‘ऑफ मिल्क’ आलं तर दूध संपलं. ‘रन इनटू’च्या पुढे मैत्रीण असेल, तर ती सीताबर्डीवर अचानक भेटली, खांब असेल, तर गाडी धडकली. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला मात्र ‘स्टँड’, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. हा फरक मला फार आवडतो.

वहीत ‘रन म्हणजे’ असं लिहून खाली अर्थांची रांग लावू नका. ‘रन अ शॉप’, ‘रन अ फीवर’ अशी अख्खी जोडी लिहा आणि समोर आपल्याच घरातलं एक वाक्य. आईला ताप आला, टाकीतलं पाणी संपलं, काहीही चालेल. दिवसाला दोन जोड्या पुरे. दुसऱ्या दिवशी मराठी बाजू झाकून वाचा.

त्या पोरीनं काल वही आणली. तिनं लिहिलं होतं, ‘माय फादर रन्स अ शॉप. वी नेव्हर रन आउट ऑफ शुगर.’